परस्पर उत्तेजन (ख्रिस्ती मंडळीजीवन)

ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) विश्वासणाऱ्यांनी एकमेकांचा विश्वास जागता ठेवणे, खचलेल्याला धीर देणे आणि सत्कर्मासाठी एकमेकांना प्रवृत्त करणे, या आचाराला परस्पर उत्तेजन म्हणतात. बायबलच्या उत्तरार्धात, म्हणजे नव्या करारात, हे काम केवळ पाळकाकडे किंवा धर्मगुरूकडे दिलेले नसून ते मंडळीतील प्रत्येकावर सोपवलेले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रीती व सत्कर्मे यांसाठी उत्तेजन देण्याचा आणि एकत्र जमणे न सोडण्याचा उपदेश लागोपाठ येतो. एकमेकांना भेटल्यावाचून हा आचार पाळता येत नाही, हे त्यातून उघड होते.

या आचाराची मुळे जुन्या करारात आहेत. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला असताना शौलाचाच मुलगा योनाथान जीफच्या रानात दावीदाला जाऊन भेटला आणि त्याने देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (२३:१६) सांगितले आहे. योनाथानाने त्याला सैन्य किंवा सुरक्षित आसरा दिल्याचे तेथे सांगितलेले नाही. भिऊ नकोस, तू इस्राएलाचा राजा होशील, असा धीर त्याने दिला. पुढे दावीदाचा मुक्काम असलेले सिकलाग नगर जळाले, बायकामुले पाडाव झाली आणि स्वतःचेच सोबती दावीदाला दगडमार करण्याची भाषा बोलू लागले, तेव्हा जवळ असा मित्र नसताना तो परमेश्वराच्या ठायी आपणच सबल झाला (३०:६). विश्वासातून स्वतः बळ मिळवणे आणि दुसऱ्याला ते मिळवायला मदत करणे ही या आचाराची दोन अंगे आहेत. दोहोंत आधार देवाचाच असल्यामुळे केवळ स्तुती करून एखाद्याची उमेद वाढवणे आणि ख्रिस्ती अर्थाने उत्तेजन देणे यांत फरक करावा लागतो.

नव्या करारात या आचाराचा आदर्श म्हणजे कुप्र बेटावरचा, लेवी वंशातला योसेफ. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, त्याला बर्णबा (उत्तेजनाचा पुत्र) हे नाव दिले. मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा प्रेषित पौल, ख्रिस्ती होऊन यरुशलेमेत आला तेव्हा सगळेच त्याला भीत होते. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि त्याच्याविषयी ग्वाही दिली. पुढे अंत्युखियात मंडळी वाढू लागली तेव्हा बर्णबा तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर तेथे शिक्षण दिले. मध्येच प्रवास सोडून परत गेलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर घेण्यावरून मात्र बर्णबा व पौल यांच्यात तीव्र मतभेद झाला आणि दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्काला सोडले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच मार्क सेवेसाठी उपयोगी असल्याचे म्हटले आहे. एकदा चुकलेल्या माणसावर पुन्हा विश्वास टाकणे हे उत्तेजनाचे सर्वांत अवघड रूप असावे.

पौलाने सुमारे इ. स. ५० मध्ये थेस्सलनीकातील मंडळीला पत्र लिहिले, त्या वेळी तेथील लोक आपल्या मृत आप्तांच्या दुःखात होते. त्यांनी पुनरुत्थानाच्या आशेने एकमेकांचे सांत्वन करावे, असे तो सांगतो. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात बेशिस्त वागणाऱ्याला ताकीद, अल्पधीराला धीर आणि अशक्ताला आधार असे निरनिराळे उपाय सुचवलेले आहेत. हा विवेक मोलाचा आहे, कारण धीर हवा असलेल्या माणसाला ताकीद मिळाली तर तो आणखीच खचतो. खुद्द पौलालाही असा आधार लागला. कैदी म्हणून त्याला रोमकडे नेत असताना तेथील बंधुजन अप्पियाची पेठ व तीन उतारशाळा या ठिकाणांपर्यंत त्याला सामोरे आले. पहिले ठिकाण रोमपासून साठ किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला, अशी ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकात (२८:१५) नोंद आहे. ते त्याला काय बोलले हे मात्र तेथे दिलेले नाही.

या आचाराला पद्धतशीर रूप देण्यात इंग्लंडमधील मेथडिस्ट चळवळीचा वाटा मोठा आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील प्रार्थनामंदिराचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडून दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी गोळा करण्याचे ठरले. गटप्रमुख घरोघर जाऊ लागल्यावर लोकांची खरी परिस्थिती कळू लागली, आणि या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी हीच व्यवस्था आत्मिक विचारपूस व परस्पर आधार यांसाठी कायम केली. वेस्लींच्या अखेरच्या पत्रांपैकी एक, मृत्यूच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी लिहिलेले, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांना आहे. देवानेच या कामासाठी उभे केले नसेल तर विरोधाने तुम्ही झिजून जाल, पण देव तुमच्या बाजूचा असेल तर तुमच्याविरुद्ध कोण टिकेल, असा त्याचा आशय होता. ब्रिटिश संसदेने या व्यापारावर बंदी घातली ती १८०७ मध्ये.

महाराष्ट्रात हा आचार गीत व प्रार्थना यांच्याद्वारे रुजला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगादी देशी रचनाप्रकारांत ख्रिस्ती भक्तिगीते लिहिली. घरादाराला पारख्या झालेल्या नवख्रिस्ती माणसाला स्वतःच्या भाषेत व ओळखीच्या चालीत देवाला हाक मारता येणे, हा त्या काळी फार मोठा दिलासा होता. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व विधवा यांना आसरा दिला. १९०५ च्या आरंभी त्यांच्या पुढाकाराने तेथील सुमारे ७० जणी दररोज प्रार्थनेसाठी जमू लागल्या. ज्यांना स्वतःलाच आधार हवा होता, त्या इतरांसाठी प्रार्थना करू लागल्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आजच्या मराठी मंडळ्यांत घरगुती प्रार्थनासभा हे या आचाराचे सर्वांत परिचित रूप आहे. सतरंजीवर बसून पेटीच्या साथीने एक-दोन गीते होतात, शास्त्रपाठ वाचला जातो आणि मग कोणी साक्ष देते, म्हणजे आपल्या अडचणीत देवाने कसे सांभाळले ते सांगते. त्यानंतर प्रार्थनेचे विषय विचारले जातात: कोणाची शस्त्रक्रिया, कोणाची गेलेली नोकरी, कोणाचा दारू न सुटणारा मुलगा. पुढच्या भेटीत त्या विषयांचे काय झाले याची आठवणीने चौकशी होते, आणि ती झाली नाही तर सभा नुसती रीत होऊन बसते. वसईसारख्या कॅथलिक भागांत कुटुंबाने व शेजाऱ्यांनी एकत्र म्हटलेली रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, याच जातीची आहे.

या आचाराच्या मर्यादाही बायबलनेच दाखवल्या आहेत. जुन्या करारातील, संकटांनी सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे सोबती होते. बोलू लागताच त्यांनी त्याच्या दुःखाचे खापर त्याच्याच पापावर फोडले. आजारी माणसाला तुझा विश्वास कमी पडला असे सांगणे ही तीच चूक आहे. याउलट, मरण मागत झुडपाखाली निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि दुसऱ्यांदा खाऊ घातले (१ राजे १९). देवाची वाणी त्याने ऐकली ती पुढे चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. दीर्घकाळच्या नैराश्यात प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचे उपचार, झोप व जेवण यांचीही काळजी घेण्याचा सल्ला जाणते पाळक देतात, त्याला या कथेत भक्कम आधार आहे.