पाठ मोकळी व्हायला ‘कडाक’ वाजायलाच हवं का?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत कुणाच्या कंबरेत उसण भरली की सल्ल्यांना तोटा नसतो. गरम शेक घ्या, तेल चोळा, आणि घरात जुन्या पिढीतलं कुणी असेल तर “एखादा पायाळू शोधा, त्याचा पाय लावून घ्या.” त्यातून हे माणिकरावांचं गाव. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडं बसवण्यासाठीही ओळखले जात. जाणत्याचा हात पडला की दुखणं हलतं, हा विश्वास इथल्या घरांत मुरलेला आहे.

आता त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणारा, कंबरेला झटका देतो, कडाक आवाज येतो, रुग्ण हसत उठतो. ते बघून साठी उलटलेल्या काकू विचारतात, “माझं हाड नाही ना मोडणार? आणि आवाज आलाच नाही तर उपयोग होत नाही का?” या काळजीपोटी अनेक जण उपचाराच्या वाटेलाच जात नाहीत, म्हणून त्यावरचं संशोधन नीट समजून घ्यायला हवं.

आधी आवाजाचं. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात आणि त्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याच्या दोन्ही बाजू एकदम दूर खेचल्या गेल्या की द्रवाचा दाब उतरतो आणि आत वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली ग्रेगरी कॉचुक आणि सहकाऱ्यांनी बोटं ओढून वाजवताना त्या सांध्यांचं थेट एमआरआय चित्रण केलं. पोकळी तयार होते त्याच क्षणी आवाज येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे आवाज आला तर सांधा ताणला गेला, एवढंच कळतं. सरकलेलं काही जागेवर बसलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

‘मणका सरकला’ ही समजूत कायरोप्रॅक्टिकच्या जन्माइतकी जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली ती याच कल्पनेवर. ती कल्पना आज टिकत नाही. कोणत्या नेमक्या मणक्यावर उपचार केला यावर वेदना किती कमी होते हे ठरत नाही, असं २०२१ साली झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात आढळलं. पण कल्पना चुकीची निघाली म्हणून हाताचा गुण खोटा ठरत नाही, आणि मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

झटका न देता उपचार करण्याच्या सौम्य पद्धतीही आहेत. त्यांतली बरीच अभ्यासली गेलेली एक पद्धत म्हणजे अमेरिकी कायरोप्रॅक्टर जेम्स कॉक्स यांनी रूढ केलेल्या टेबलाची. रुग्ण पालथा झोपतो, घोटे पट्ट्याने बांधलेले असतात. टेबलाचा पायांकडचा भाग बिजागरीवर असतो. उपचार करणारा एक तळवा कंबरेच्या मणक्यावर टेकवतो आणि दुसऱ्या हाताने तो भाग हळूहळू खाली दाबतो. कंबर किंचित वाकते, ताणली जाते, परत येते. पुन्हा तेच, एका लयीत. झटका कुठेच नसतो, आणि दुखलं तर तिथल्या तिथे थांबता येतं. मृतदेहांवरच्या मोजमापांत अशा ताणाने मणक्यांमधल्या गादीतला दाब उतरताना दिसला आहे.

जुन्या कंबरदुखीच्या २३५ रुग्णांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे टेबल आणि व्यायाम यांची तुलना झाली. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना आराम होता, पण वेदना टेबलाच्या गटात जास्त उतरली होती. काकूंच्या दृष्टीने मात्र २००९ची चाचणी अधिक मोलाची. तिच्यात ५५ वर्षांवरच्या २४० जणांना घेतलं होतं. काहींना झटक्याचा उपचार, काहींना सौम्य टेबल, बाकीच्यांना डॉक्टरांचे किरकोळ औषधोपचार. झटका आणि सौम्य टेबल यांच्या परिणामात लक्षणीय फरक सापडला नाही. २०१६ साली १९२ जणांवरच्या चाचणीतही हेच दिसलं.

सौम्य म्हणून विकलं जाणारं सगळंच मात्र सारखं नाही. स्प्रिंगच्या छोट्या यंत्राने मणक्यावर टिचकी मारण्याची पद्धत २०१५च्या चाचणीत हाताने दिलेल्या झटक्यापेक्षा मागे पडली, आणि नेहमीच्या वैद्यकीय उपचारांपेक्षाही सरस ठरली नाही. शिवाय सहा महिन्यांनी सगळे गट सारखेच होते.

मग मणक्यांवर हाताने केलेल्या उपचाराचा फायदा किती? २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ताज्या कंबरदुखीवर हा उपचार करून पाहिलेल्या चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. त्यातल्या १५ चाचण्यांत मिळून १,७११ रुग्ण होते, आणि १००च्या मोजपट्टीवर वेदना सरासरी १० अंकांनी उतरली. थोडं आहे, पण चार दिवस खाली बसता न आलेल्या माणसाला तेवढंही हवं असतं. जुन्या दुखण्यात हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या तोडीचा ठरतो, वरचढ नाही. म्हणून “तीस बैठका आगाऊ घ्या, पैसे आधी भरा” असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार आठवड्यांत फरक न पडल्यास व्यायामाकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे वळलेलं बरं. आणि एमआरआयमध्ये ‘गादी फुगली’ असं वाचून घाबरू नये. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे अहवाल तपासले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत तशी गादी सापडते.

काही पाठींना मात्र कुणी हातच लावू नये. ठिसूळ हाडं, कर्करोगाचा इतिहास, पडल्यानंतरची दुखापत, तापासोबतची पाठदुखी, यांत आधी डॉक्टरांची तपासणी हवी. मानेला झटका तर मी कुणालाच सुचवणार नाही, कारण तिथे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे. आणि मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी तुंबली किंवा पायांतली ताकद अचानक गेली, तर ती नस दाबली गेल्याची तातडीची खूण असू शकते. अशा वेळी टेबलही नको आणि मालीशही नको. मध्यरात्र असली तरी रिक्षा करून सयाजी हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठावा.