हवा बाधणे आणि ‘अंडर द वेदर’ असणे

पावसाळा लागला की कोल्हापुरातील कार्यालयांत इंग्रजी रजाअर्जांची भर पडते आणि ‘संततधार पावसामुळे मी अंडर द वेदर आहे’ अशा अर्थाचे वाक्य त्यांत हमखास आढळते. ‘अंडर द वेदर’ म्हणजे नुसते ‘किंचित आजारी’; अर्जदार मात्र ‘वेदर’ पाहून त्याचा अर्थ ‘हवा बाधली’ असा घेतात. हे वाक्य दुरुस्त करून मी आता कंटाळलो आहे.

हवा बाधणे म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगायला नको; गगनबावड्याच्या पावसात दोन दिवस काढून आलेला पाहुणा शिंकू लागला की निदान तयारच असते.

घोटाळा असा, की मराठी प्रयोग दुखण्याचे कारण सांगतो आणि इंग्रजी वाक्प्रचार दुखण्याची मात्रा. एप्रिलच्या निरभ्र दुपारी, तांबड्या रश्श्यावर ताव मारून पोट जड झालेला किंवा रात्रभराच्या जागरणाने डोके धरून बसलेला माणूसही ‘अंडर द वेदर’ असतो. आभाळाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. उलट पुराच्या पाण्यातून चालल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर मूळ पावसात असूनही हा वाक्प्रचार शोभत नाही, कारण दुखणे किरकोळ असून दोन-चार दिवसांत ओसरेल, हे त्यात गृहीत असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हाच्या कोल्हापूरला ‘अंडर द वेदर’ म्हणणे म्हणजे महापुराला पडशाच्या पंक्तीत बसवणे होय.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा प्रयोग ‘प्रकृती जरा नरम आहे’ हा आहे. त्यातही दुखण्याचे नाव नसते, कारण नसते आणि ऐकणाऱ्याने फार खोदून विचारू नये, अशी सूचना असते. ‘हवामानाखाली’ हे भाषांतर मात्र कोणीही करू नये. आजारी खलाशाला वाऱ्यापावसापासून दूर, जहाजाच्या डेकखाली पाठवत, त्यावरून हा प्रयोग आला, ही जी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते, तिचा आधार तोकडा आहे, आणि ती वाचून लोक पुन्हा वाऱ्यापावसाकडेच वळतात.

आणखी एक अर्थ अर्जदारांच्या गावीही नसतो. आदल्या रात्रीची दारू सकाळी डोक्यात ठणकत असली, तरी इंग्रजीत हाच सोज्ज्वळ प्रयोग चालतो. त्यामुळे सोमवारच्या अर्जात तो दिसला की इंग्रजी जाणणारे साहेब गालातल्या गालात हसतात. अर्जात सरळ ‘अनवेल’, म्हणजे आजारी, असे लिहावे.