सेकंडहँड बाजारातली 'लॉसूट' गिटार : पार्श्वभूमी

जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार विकायला निघाली की वर्णनात 'लॉसूट' (इंग्रजीत खटला) हा शब्द हमखास येतो आणि किंमत लगेच चढते. या शब्दामागे खटला एकच आहे. 28 जून 1977 रोजी गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. तक्रारीचा गाभा हेडस्टॉकचा, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाचा, होता. त्याच्या वरच्या कडेला उघड्या पुस्तकासारखी जी महिरप असते, ती आमची ओळख आहे आणि ती उचलली गेली आहे, असं गिब्सनचं म्हणणं. आवाजाचा किंवा कारागिरीचा प्रश्नच नव्हता. आयबानेझने तर तो आकार दाव्याआधीच बदलायला घेतला होता. निकालही लागला नाही. 1978 च्या सुरुवातीला न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

ग्रेको, टोकाई, बर्नी या जपानी ब्रँडांपैकी कुणीही या खटल्यात प्रतिवादी नव्हतं. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घाटाच्या नकलांचा तर त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही सत्तरीच्या दशकातली, कधी कधी ऐंशीच्या दशकातलीही, कुठलीही जपानी नक्कल आज 'लॉसूट' म्हणून खपते. मला हा शब्द खटकतो. चांगल्या गिटारीचं श्रेय त्यामुळे कोर्टकचेरीला जातं आणि ती बनवणारे हात बाजूला राहतात.

ते हात मुख्यतः नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोचे. तिथल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात आधी शिलाई मशिनची कॅबिनेटं बनत, गिटारी नंतर आल्या. दुसरा कारखाना 1960 मध्ये सुरू झाला. पहिल्या गिटारी कच्च्याच होत्या. गिब्सनच्या लेस पॉल या गिटारीच्या सुरुवातीच्या नकलांमध्ये, मूळ गिटारीत चिकटवलेला असतो तो नेक (बोटं फिरतात ती लांब मान), स्क्रूने बसवलेला असे. सत्तरीचं दशक संपता संपता चांगल्या नकलांमध्ये नेक चिकटवलेलाच येऊ लागला.

याच काळात अमेरिकेत उलटं घडत होतं. जानेवारी 1965 मध्ये फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरना एका प्रसारण कंपनीकडे गेली. 1971 पासून तिच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारीचा नेक चाराऐवजी तीन बोल्टवर बसू लागला. दोष बोल्टच्या संख्येचा नव्हता. नेक बसतो ती खाच सैल कोरली की तो हलायचा, आणि ती अनेकदा सैल कोरलेली असे.

मार्च 1982 मध्ये फेंडरने अखेर दोन जपानी व्यापारी कंपन्यांशी भागीदारी केली. 1957 आणि 1962 च्या स्ट्रॅटोकास्टरच्या मापांवरून मात्सुमोतोत गिटारी बनू लागल्या. निर्यातीसाठी स्वस्त नाव हवं होतं. 1965 मध्ये विकत घेतलेल्या तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचं 'स्क्वायर' हे नाव हाताशी होतं. पहिल्या खेपेच्या हेडस्टॉकवर 'फेंडर' मोठ्या अक्षरांत आणि 'स्क्वायर सिरीज' बारीक होतं. लवकरच ते उलटवलं गेलं. क्रमांकाची सुरुवात 'जेव्ही'ने होणाऱ्या या गिटारींपैकी सुरुवातीच्या काहींत पिकअपसुद्धा (तारांची कंपनं टिपणारी चुंबकं) अमेरिकन होते. दुय्यम नाव आणि अव्वल काम, असा हा मेळ होता. पुढे कित्येक वर्षं या गिटारी सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळत राहिल्या, कारण गिऱ्हाईक हेडस्टॉक वाचत होतं.

1985 मध्ये कर्मचाऱ्यांच्या गटाने फेंडर विकत घेतली तेव्हा अमेरिकेतला कारखाना सौद्यात नव्हता, म्हणून काही काळ मोठी भिस्त जपानवरच होती. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉलरचा भाव उतरवण्यासाठीचा प्लाझा करार झाला. 240 येनच्या आसपास असलेला डॉलर वर्षभरात 160 च्या खाली उतरला. स्वस्त जपानी गिटार स्वस्त राहिली नाही. दशक सरताना स्क्वायरचं काम कोरियाकडे गेलं, नंतर चीन आणि इंडोनेशियाकडे. आज जेव्हींना संग्राहकांनी गाठलं आहे. कमी पैशांत चकित करणारी गिटार हवी असेल तर कोरियातल्या आणि इंडोनेशियातल्या जुन्या मालातच शोधावी लागते.

माझ्याकडे आहे ती कोरियातली, पुण्यात एका मुलाकडून 8,000 रुपयांत घेतलेली. पिकगार्ड, म्हणजे दर्शनी बाजूचं झाकण, काढलं तर पिकअपच्या खाचेच्या कडेला प्लायवूडचे थर स्पष्ट दिसले, पापुद्र्यांसारखे. मग नेकचे चार स्क्रू सोडवले. नेक सुटेना. दोन्ही अंगठ्यांनी रेटल्यावर तो खाचेतून निघाला, आणि खाचेचा तळ सपाट, कडा धारदार. नेक नीट बसावा म्हणून घालतात ती कागदाची चिपाटी कुठे घातलेली नाही. तारा बदलल्या, व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटमध्ये क्लीनर मारला, तारा ज्यांवर टेकतात त्या सॅडलचे गंजलेले स्क्रू नवे टाकले. बाराव्या फ्रेटवरचा (नेकवरच्या धातूच्या पट्टीवरचा) सूर हार्मोनिकशी, म्हणजे तिथेच तार हलकेच स्पर्शून निघणाऱ्या सुराशी, जुळवायला सहाही तारांना मिळून अर्धा तास लागला. फ्रेट घासावे लागले नाहीत आणि नेकचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईला, ट्रस रॉडला, चावीही लावावी लागली नाही.