अंजायना: घशातला की छातीतला?

जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला ताप भरतो, गिळताना घसा दुखतो. डॉक्टर तपासून निदान लिहितात, 'आंगीना'. घरी फोनवर हा शब्द कानावर पडला की धस्स होतं, कारण आपल्याकडे अंजायना म्हणजे हृदयाचं दुखणं. त्याला झालेली असते टॉन्सिलची सूज. कागदावर आयसीडी-१०चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, संकेतांक असेल तर तोच पाहावा: 'जे०३' म्हणजे टॉन्सिलचा तीव्र दाह, 'आय२०' म्हणजे हृदयाचा अंजायना.

चूक जर्मनांची नाही, शब्दाचा मूळ अर्थ त्यांच्याकडेच टिकला आहे. लॅटिनमध्ये 'आंगिना' हा घशाचाच आजार. त्यामागे गळा आवळणं या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि 'आंगेरे' म्हणजे दाबणं, आवळणं या लॅटिन क्रियापदाचीही त्यावर छाया पडली. भीती या अर्थाचा जर्मन 'आंग्स्ट', अरुंद या अर्थाचा 'एंग' आणि इंग्रजी 'अँग्झायटी' याच कुळातले. आपलं नातंही जवळचं आहे: ऋग्वेदातला 'अंहस्', म्हणजे संकट, कोंडी, त्याच धातूचा.

ग्रीक वैद्य घशाच्या अशाच एका आजाराला 'किनांखे' म्हणत, शब्दशः कुत्र्याचा गळा आवळणं. हाच शब्द झिजत झिजत इंग्रजीत 'क्विन्झी' झाला. टॉन्सिलशेजारी पू साठतो, त्या गळवाचं हे नाव.

मग हा शब्द छातीवर कसा आला? १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन या डॉक्टरांनी एक आजार वर्णन केला: चालताना, विशेषतः चढ चढताना, छातीत आवळून येतं आणि थांबलं की ओसरतं. गळा दाबल्यासारखी ती भावना पाहून त्यांनी नाव दिलं 'अंजायना पेक्टोरिस', छातीतली आवळण. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात हे कारण त्यांना ठाऊक नव्हतं. नाव पडलं ते रुग्णाला काय जाणवतं त्यावरून. मराठी रुग्णही 'छाती आवळल्यासारखी वाटते' असंच सांगतो. पुढे इंग्रजी बोलण्यात 'पेक्टोरिस' गळून पडलं आणि गोंधळाची सोय झाली.

फ्रेंचमध्ये नुसतं 'आंजीन' म्हणजे घशाचं दुखणं, छातीचं दुखणं असेल तर 'आंजीन द प्वात्रीन'. रशियनमध्ये 'अंगीना' घशाचाच. हृदयासाठी 'स्तेनोकार्दिया' हा वेगळा शब्द. पोलिशमध्येही तसंच. इंग्रजी डॉक्टरांच्या तोंडीही जुना अर्थ एका ठिकाणी उरला आहे: लुडविगचा अंजायना. खालच्या दाढेतला जंतुसंसर्ग जिभेखाली पसरतो, हनुवटीखाली लाकडासारखी टणक सूज येते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासमार्ग बंद पडू शकतो.

म्हणून हृदयाचा अंजायना असलेल्यांनी युरोपात प्रवास करताना नुसतं 'अंजायना' म्हणू नये, 'अंजायना पेक्टोरिस' असं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून ठेवावं. नुसत्या शब्दावरून समोरचा घसा तपासायला लागेल. त्यात अडचण अशी की हृदयाची कळ कधी कधी खरोखरच घशात आणि जबड्यात जाणवते. फरक ओळखायची खूण म्हणजे गिळणं. टॉन्सिलचं दुखणं घोट घेताना वाढतं. हृदयाची आवळण गिळण्याने बदलत नाही; ती श्रमाने येते आणि साधारणपणे काही मिनिटांच्या विश्रांतीने जाते. बसून, जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी घेऊनही पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात ११२ हा आपत्कालीन क्रमांक फिरवावा.