'धर्म नको, येशू हवा' म्हणणारे नेमकं काय नाकारतात?

"मी रिलिजस नाही हां, माझं येशूशी नातं आहे." ख्रिस्ती लोकांमध्ये, त्यातही इव्हँजेलिकल वळणाच्या, म्हणजे बायबल आणि स्वतःचा विश्वास यावर भर देणाऱ्या लोकांमध्ये, हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. आणि ऐकणारा चक्रावतो, कारण हाच माणूस दर रविवारी चर्चला जातो, बायबल वाचतो, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतो, आणि वर म्हणतो मी धार्मिक नाही, मग बाबा धार्मिक माणूस अजून कसा असतो? मी स्वतः हे वाक्य बरीच वर्षं वापरलंय. एकदा एकाने शांतपणे विचारलं की नातं आहे ते ठीक, पण असं नातं जोडता येतं हे तुला सांगितलं कोणी? उत्तर होतं, चर्चने. पुढे काय बोलायचं ते सुचेना.

तर ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का? आहेत. पण लोक जिथे रेघ मारतात तिथे ती नाहीये, असं माझं मत आहे.

आधी विश्वास घेऊ. मराठी बायबलमध्ये 'विश्वास' ज्या ग्रीक शब्दासाठी येतो तो 'पिस्तिस', आणि त्याचा अर्थ 'देव आहे असं मला वाटतं' एवढाच नाही, त्यात भरवसा आहे, निष्ठा आहे, एखाद्यावर भार टाकून निवांत होणं आहे. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात एक भारी टोमणा आहे, की देव एकच आहे असं तू मानतोस ना, छान, भुतंही ते मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं मानणं हा विश्वास नव्हेच. वैयक्तिक विश्वास म्हणतात तो हा, माझा भार मी कोणावर टाकलाय, आणि हे माझ्या वतीने दुसरं कोणी करू शकत नाही, आई नाही, पाळक नाही, पोप पण नाही.

आता दुसरी बाजू, 'ऑर्गनाइझ्ड रिलिजन'. इथे खरा घोळ आहे कारण हे एक नाव असलं तरी आत दोन वेगळे डबे आहेत. एका डब्यात आचरण आहे, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीने भाकर-द्राक्षारस घेणं), उपास, प्रार्थनेच्या वेळा, एकत्र उपासना. दुसऱ्या डब्यात संस्था आहे, म्हणजे बिशप कोण नेमणार, इमारत कोणाच्या नावावर, दशमांशाचा, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाचा हिशेब कोण ठेवणार, मेंबर कोण आणि मतदान कोणाला. एखाद्याला दुसऱ्या डब्याचा वीट येतो, तिथलं राजकारण, भांडणं, कधी चक्क अन्याय, आणि तो रागाच्या भरात दोन्ही डबे एकदमच फेकून देतो. कधीकधी त्याच्या हे लक्षातही येत नाही की पहिल्या डब्यावर आपला राग नव्हताच.

मराठीत तर अजून एक गंमत होते. इंग्रजीतलं 'रिलिजन' आणि आपला 'धर्म' हे मापाने सारखे शब्दच नाहीत. आपण शेजारधर्म म्हणतो, दानधर्म म्हणतो, पेटणं हा अग्नीचा धर्म म्हणतो. त्यामुळे "मला धर्म नको, येशू हवा" हे मराठीत जरा वाकडंच पडतं, म्हणणाऱ्याला 'कर्मकांड आणि संस्था नको' असं म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्याला कर्तव्यच नको म्हणतोय की काय असं वाटतं. निम्मे वाद इथेच सुरू होतात.

बरं, ही रेघ मारणारे लोक आधार म्हणून बायबलच काढतात, आणि तो आधार आहेही. मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की चौकात उभं राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा. तेविसाव्या अध्यायात शास्त्री आणि परूशी यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांना आणि नियमांबाबत काटेकोर गटाला, जे काही ऐकवलंय ते वाचून आजही कुठल्याही चर्च कमिटीने खुर्चीत जरा चुळबुळ करावी. पण तोच येशू लूकच्या चौथ्या अध्यायात शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात जातो, आणि लूक मुद्दाम लिहितो की आपल्या रिवाजाप्रमाणे गेला. रिवाजाप्रमाणे! म्हणजे रिवाज होता. ज्या व्यवस्थेवर तो एवढा तुटून पडला तिच्यातच तो दर आठवड्याला जाऊन बसत होता. त्याचा राग पोकळ झालेल्या आचरणावर होता, आचरण असण्यावर होता असं निदान ह्या ओळीवरून तरी दिसत नाही.

माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली एका गटात आहे, विधवांच्या. हसू नका, बघा कसं ते. याकोबाच्याच पत्रात पहिल्या अध्यायाच्या शेवटी शुद्ध धर्माचरण म्हणजे काय हे सरळ सांगितलंय, संकटात असलेल्या अनाथांची आणि विधवांची विचारपूस करणं आणि स्वतःला जगाचा डाग लागू न देणं. 'धर्म नको' वाल्यांना हे वचन फार आवडतं कारण त्यात ना बिशप ना इमारत. पण आता प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय उघडा. यरुशलेमेतली पहिली मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा पहिला समुदाय, तिथे रोजचं अन्नवाटप चालायचं, आणि ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या विधवांना वाटपातून वगळलं जातंय. प्रेषितांनी काय केलं? सात माणसं निवडली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. झाली कमिटी! पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांची यादी आहे आणि यादीत नाव घालायला वयाची अटसुद्धा आहे, साठच्या खाली नको. म्हणजे ज्या कामाला 'शुद्ध धर्म' म्हटलं तेच काम नीट करायला गेल्यावर यादी आली, माणसं नेमणं आलं, पात्रतेचे नियम आले. संस्था बाहेरून कोणी येऊन विश्वासावर लादली असं इथे दिसत नाही, भुकेल्या माणसांचं पान चुकू नये म्हणून ती उभी राहिली. पुढे तीच यादी माणसांपेक्षा मोठी होते हा भाग वेगळा, आणि तो होतोच.

इतिहासात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. मार्टिन लूथर म्हणजे 'केवळ विश्वासाने' चा माणूस, 1517 पासून तो पोपच्या चर्चविरुद्ध उभा राहिला आणि त्यातून प्रोटेस्टंट वेगळे झाले, पण 1529 मध्ये त्यानेच साध्या लोकांसाठी प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका काढली, कारण गावोगावच्या मंडळ्या बघितल्या तर लोकांना साधी प्रभूची प्रार्थना धड येत नव्हती. नुसता विश्वास, पण पाठांतर हवंच.

जॉन वेस्लीचं तर मला सगळ्यात मजेशीर वाटतं. हा इंग्लंडमधला अँग्लिकन पाद्री, ऑक्सफर्डला असताना इतका शिस्तीचा की ह्याच्या ग्रुपला लोक चेष्टेने 'मेथडिस्ट' म्हणायचे. उपास, वेळापत्रक, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणं, सगळं चोख, आणि तरी आतून कोरडा. मग 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत कोणीतरी बायबलमधल्या रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, आणि पावणेनऊच्या सुमाराला वेस्लीला आपल्या काळजात एक विलक्षण ऊब जाणवली, भरवसा वाटला की माझं पाप ख्रिस्ताने घेतलंय, माझंसुद्धा. धर्म आणि वैयक्तिक विश्वास यातला फरक दाखवायला लोक हीच गोष्ट सांगतात आणि सांगून थांबतात.

पण पुढे बघा ना. वेस्लीच्या लोकांच्या ब्रिस्टलमधल्या सभागृहाच्या इमारतीचं कर्ज होतं, ते फेडायला 1742 मध्ये असं ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि ती गोळा करायला साधारण बारा जणांचा एक गट आणि एक पुढारी. हा पुढारी घरोघरी पैसे मागायला जायला लागला तेव्हा लक्षात आलं की अरे कोणी आजारी आहे, कोणी दारूत बुडालंय, कोणाचं घरात जमत नाहीये. मग वसुलीचे गट एकमेकांची विचारपूस करायचे गट झाले, आणि मेथडिस्ट चळवळीचा कणा तोच ठरला. पुढे तर तिमाही तिकिटं निघाली, वागणूक धड नसेल तर तिकीट नाही. काळजाला ऊब लागलेला माणूस, आणि त्याची चळवळ उभी कशावर तर कर्जवसुलीच्या सिस्टिमवर. मला यात ढोंग वाटत नाही. तो पेनी गोळा करणारा आला नसता तर त्या आजारी माणसाचं कोणाला कळलं असतं?

क्वेकर हा इंग्लंडमधला ख्रिस्ती पंथ अजून टोकाला गेला. त्याचा संस्थापक जॉर्ज फॉक्सने सतराव्या शतकात चर्चच्या इमारतीला चर्च म्हणायलाच नकार दिला, तो तिला 'मनोरेवालं घर' म्हणायचा, कारण चर्च म्हणजे माणसं. पगारी पाद्री नाही, पाण्याचा बाप्तिस्मा नाही, भाकर-द्राक्षारस नाही, शांत बसायचं आणि आत्म्याने प्रेरणा दिली तर बोलायचं. आणि त्यांच्याकडे काय आहे माहितीये? मासिक सभा, त्रैमासिक सभा, वार्षिक सभा, सभेचा क्लार्क, इतिवृत्त, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी. विधी सगळे गेले पण वही राहिली.

असाच अमेरिकेतला 'आमचा पंथ नाही, फक्त ख्रिस्त आणि बायबल' म्हणणारा एकोणिसाव्या शतकातला प्रवाह, तो सगळे पंथ एक करायला निघाला आणि 1906 च्या सरकारी धार्मिक गणनेत स्वतःच दोन वेगळ्या नावांनी नोंदला गेला, उपासनेत वाद्य वाजवायचं का ह्यासारख्या मुद्द्यांवरून.

मग रेघच खोटी का? तसंही नाही. डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड आठवा. डेन्मार्कमध्ये त्या काळी राज्याचं चर्च, जन्माला आला म्हणजे ख्रिस्ती, पाद्री म्हणजे पगारी सरकारी नोकर, आणि त्याचं म्हणणं की जिथे सगळेच ख्रिस्ती आहेत तिथे ख्रिस्ती असणं उरलेलंच नाही. 1855 मध्ये हॉस्पिटलात मरणाच्या दारात असताना त्याने पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला नकार दिला, साध्या विश्वासणाऱ्याने दिलं असतं तर घेतलं असतं. म्हणजे प्रभुभोजनाला ना नव्हती हो, देणाऱ्याच्या सरकारी पदाला होती! पहिला डबा ठेवला, दुसरा नाकारला, इतकी स्वच्छ रेघ मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. आणि शेवटी अंत्यविधी झाला तो त्याच चर्चच्या पद्धतीने.

कार्ल बार्थ हा विसाव्या शतकातला स्विस धर्मज्ञानी, त्याने तर धर्म म्हणजेच अविश्वास असं लिहून ठेवलंय, म्हणजे माणूस आपल्या बळावर देवाला पकडायला जातो तो प्रयत्न. हे वाक्य लोक फार मिरवतात. पण ज्या ग्रंथमालेत ते आहे तिला त्याने आधी 'ख्रिस्ती' सिद्धान्तशास्त्र म्हटलं होतं, ते नाव बदलून 1932 पासून 'चर्चचं' सिद्धान्तशास्त्र केलं. त्याच्या मते धर्म माझ्यातही आहे, प्रार्थना करणाऱ्या माझ्या एकट्याच्या खोलीतही आहे. मी चर्च सोडलं म्हणून मी धर्मातून सुटलो असं होत नाही, माझा वैयक्तिक विश्वाससुद्धा माझं कर्तृत्व मिरवायची जागा होऊ शकतो. 'मी त्यांच्यासारखा धार्मिक नाही' हे म्हणताना आवाजात जो तोरा येतो ना, तो जरा ऐकून बघा, 'मी इतरांसारखा नाही म्हणून देवा तुझे आभार' म्हणणाऱ्या लूकमधल्या परूशाच्या प्रार्थनेची चाल लागते त्याला.

हे सगळं मुख्यतः प्रोटेस्टंट घरातलं भांडण आहे हेही सांगायला हवं. कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स माणसाला हा प्रश्नच थोडा विचित्र वाटतो, कारण त्यांच्या दृष्टीने कृपा येते ती संस्कारांतून, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा विधींतून, आणि संस्कार आहेत चर्चकडे. कार्थेजचा बिशप सिप्रियन तिसऱ्या शतकात म्हणून गेला की चर्च ज्याची आई नाही त्याचा देव बाप होऊ शकत नाही. आणि चर्च ही आई हे बोलणं पुढे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट पुढारी कॅल्विननेही उचललंय, तेव्हा प्रोटेस्टंटांनी लगेच खुश व्हायचं कारण नाही.

अजून एक शेजारची गल्लत. 'स्पिरिच्युअल आहे पण रिलिजस नाही' म्हणणारा माणूस आणि 'धर्म नको, येशू हवा' म्हणणारा माणूस, हे एक नव्हेत. पहिल्याला बहुतेकदा ठरलेली शिकवण नको असते. दुसऱ्याला शिकवण पक्की हवी असते, येशूच तारणारा, बायबलच प्रमाण, फक्त वरची व्यवस्था नको. आता ते बायबल, त्यात नेमकी कुठली पुस्तकं हे कोणी ठरवलं? नव्या करारातल्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्याला जशीच्या तशी सापडते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 मधल्या पत्रात. बिशपच्या.

पण जे चर्चमध्ये दुखावले गेलेत त्यांना हे सगळं ऐकवू नये असं मला वाटतं. ज्याच्यावर तिथे अन्याय झाला आणि वरच्यांनी तो झाकला, त्याला इब्रीकरांच्या पत्रातलं 'एकत्र जमणं सोडू नका' हे वचन तोंडावर मारणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याने दार लावून खोलीत प्रार्थना केली तर ती प्रार्थनाच आहे.

माझ्या ओळखीत असं एक जोडपं होतं. चर्च सोडलं, वर्ष-दीड वर्ष घरीच. मग अजून दोन कुटुंबं यायला लागली, गाणं, वाचन, प्रार्थना, नाव नाही गाव नाही, "आपण चर्च-बिर्च काही नाही हां" असं प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचंच. तिसऱ्या महिन्यात त्यातल्या एकाची नोकरी गेली, तेव्हा सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढले, आणि कोणी किती दिले, कोणाला किती पोचले हे विसरायला नको म्हणून त्या बाईने शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं लिहिली.