कोणती पूर्णा? घाटावरची की घाटाखालची?

पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप ठरलेला असतो: ‘पूर्णा नदीपात्रात विसर्ग वाढवला, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं.’ धरणाचं नाव नाही, तालुका नाही. पाणी सुटलेलं असतं येलदरीतून आणि नदीवरची मोटार काढायला धावतो नांदुऱ्याकडचा माणूस. येलदरीचे सगळे दरवाजे उघडले तरी नांदुऱ्याला एक थेंब यायचा नाही, कारण ती पूर्णाच वेगळी.

जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत आणि मध्ये अजिंठ्याचा डोंगर. घाटावर आणि घाटाखाली ही आपली रोजच्या बोलण्यातली वाटणी नद्यांनाही बरोबर लागू पडते. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. इथली पूर्णा तापीला मिळणारी. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. तिकडची गोदावरीला मिळणारी.

घाटाखालची पूर्णा सातपुड्यातून, मध्य प्रदेशातल्या बैतुलच्या बाजूनं अमरावती जिल्ह्यात उतरते आणि मग अकोला, बुलढाणा करत पश्चिमेला जाते. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला ती तापीला भेटते. पुढे लगेच हतनूर धरण, त्याला 41 दरवाजे. तिथून उकाई, सुरत आणि अरबी समुद्र. नांदुरा तालुक्यात जिगावचं धरण होतंय ते याच नदीवर. काम किती वर्षं चाललंय ते घाटाखालच्या कुणालाही विचारा, आधी सुस्कारा ऐकू येईल.

या पूर्णेची खरी ओळख मात्र खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत नदीच्या दोन्ही अंगांना ही जमीन पसरली आहे. वर काळीभोर कपाशीची माती, खाली खारं पाणी. बोअर घेतला तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. आणि शेताला द्यावं, तर जमिनीवर पांढरी खपली धरते. त्या पाण्यातला सोडियम चिकणमातीचे कण विस्कटून टाकतो, माती घट्ट बसते, पाणी मुरेनासं होतं आणि चांगलं रान दगडासारखं होतं. म्हणून इथला जुना शेतकरी खरिपात मूग, कपाशी आणि मागून ओलीवर हरभरा घेतो; विहिरीच्या भरवशावर बागायतीच्या नादी लागत नाही. शेततळ्यातलं पावसाचं पाणी इथं सोन्याच्या भावाचं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांना प्यायचं पाणी वान धरणातून आणावं लागतं, यावरून काय ते समजा. गावाशेजारून नदी वाहते आणि नळाला पाणी सातपुड्याचं.

घाटावरच्या पूर्णेचं असं काही दुखणं नाही. ती अजिंठ्याच्या रांगेत, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात उगवते आणि आग्नेयेला जाते. देऊळगाव राजा तालुक्यात तिच्यावर खडकपूर्णा धरण आहे. त्याला संत चोखासागरही म्हणतात, कारण चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा याच तालुक्यात. पुढे येलदरी, तिथं 22.5 मेगावॉटचं वीजघर. मग सिद्धेश्वर, परभणी-हिंगोलीच्या रानांत जाणारे कालवे, आणि शेवटी पूर्णा गावाजवळ गोदावरी. हिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. एकाच जिल्ह्यातल्या दोन पूर्णांची तोंडं देशाच्या दोन टोकांना, असा हा प्रकार.

तेव्हा निरोपात धरणाचं नाव शोधावं. खडकपूर्णा, येलदरी किंवा सिद्धेश्वर दिसलं तर काळजी घाटावरच्यांनी आणि परभणी-हिंगोलीकरांनी करावी. वान, नळगंगा, ज्ञानगंगा ही नावं आली तर ते पाणी घाटाखाली येणार. हतनूर दिसलं तर खरा धोका खाली जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठाला. आणि नावच नसेल, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला विचारावं, ‘कोन्ती पूर्णा, भाऊ?’

खडकपूर्णा आणि काटेपूर्णा यांतही लोक गफलत करतात. काटेपूर्णेवर महानचं धरण आहे, अकोला शहर त्याचंच पाणी पितं, आणि ती मिळते घाटाखालच्या पूर्णेला. खडकपूर्णेशी तिचा काही संबंध नाही. गुजरातेत नवसारीजवळून वाहणारी पूर्णा तर तिसरीच. ती डांगच्या डोंगरातून येते आणि थेट समुद्राला मिळते, तिला या भानगडीत ओढायचं कारण नाही.

रेल्वेनं गोंधळात आणखी भर घातली आहे. 2008 मध्ये ब्रॉडगेज झालेला अकोला-पूर्णा मार्ग वाशिम, हिंगोली, वसमत करत परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनला जातो. म्हणजे अकोला जिल्ह्यातून पूर्णा वाहते, अकोल्याहून गाडीही पूर्णेला जाते, पण त्या गाडीनं गेलेला माणूस उतरतो दुसऱ्याच पूर्णेच्या काठी.