आठवीपर्यंत परीक्षा बंद? बंद कधीच नव्हत्या!

‘आरटीई आला, परीक्षा गेल्या, पोरं ढकलपास झाली.’ पारावर, लग्नात, अगदी शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य दहा-पंधरा वर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे.

आरटीई म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा. त्याचं कलम 16 म्हणत होतं, की आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचं नाही. परीक्षा घेऊ नका, असं त्यात कुठेच नव्हतं. बंदी होती ती फक्त बोर्डाच्या परीक्षेला. उलट कलम 29 ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं. महाराष्ट्रात पहिली-दुसरीला 70 गुण आकारिक (वर्षभर वर्गात होणारी तपासणी), 30 संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा). सातवी-आठवीला 40 आणि 60. म्हणजे तपासणी वाढलीच! 40 टक्क्यांच्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणायचं होतं.

घोडं पेंड खातं ते इथे. हातच्याची वजाबाकी अडलेल्या मुलीला रोज वेगळा वेळ द्यायचा कुणी? दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींनी? मूल्यमापनाची नोंदवही मात्र भरली जायची, बऱ्याचदा सत्र संपताना एका बैठकीत. माझ्या मते ढकलगाडी सुरू झाली ती या वहीत, कायद्यात नव्हे.

आणि ‘अजूनही कुणी नापास होत नाही’ हेही जुनं झालं. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवायचं का, हा निर्णय राज्यांवर सोडला. महाराष्ट्राने 2023 मध्ये या दोन्ही इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तिच्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात.